आजार कोणत्या वाटेने येतो?

(यावल तालुक्यातल्या एका गावात, घरी आजारी माणसाचं करणाऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. समोर सुना आहेत, लेकी आहेत आणि मागे चार-दोन भाऊही बसलेत. भाऊ, तुम्ही पुढे या. आजाऱ्याचं सगळं बाईनेच करायचं, असं कुठे लिहिलेलं नाही.

घरात संसर्गाचा आजार आला की आपण काळजी घेतो, पुष्कळ घेतो, पण बऱ्याचदा भलतीकडेच. टीबीचंच बघा. निदान झालं की आधी त्या माणसाचं ताट-तांब्या वेगळा होतो. आणि झळ आत येते म्हणून त्याच्या खोलीची खिडकी बंद! टीबी ताटातून पसरत नाही. फुप्फुसाच्या टीबीचे जंतू खोकल्यातून, बोलण्यातून हवेत जातात आणि कोंदट खोलीत तासन्‌तास तरंगत राहतात. म्हणजे माणसाला तोडलं आणि जंतूंची मात्र सोय केली. दुपारी झळ असेल तर समजू शकते, पण सकाळ-संध्याकाळ दारं-खिडक्या सताड उघड्या ठेवा. ओसरीत खाट टाकता आली तर फारच छान. मास्क आधी रुग्णाच्या तोंडाला, मग आपल्या. ताट साबणाने घासलं की झालं. औषध नीट लागू पडलं की साधारण दोन आठवड्यांत दुसऱ्याला लागण होण्याची शक्यता बरीच कमी होते, पण साध्या टीबीचा कोर्स किमान 6 महिन्यांचा. बरं वाटतंय म्हणून मध्येच सोडायचा नाही. घरातल्या बाकीच्यांचीही तपासणी करून घ्या, लहान लेकरांची तर नक्कीच. आणि हो, निक्षय पोषण योजनेत उपचार सुरू असेपर्यंत आहारासाठी महिन्याला 1000 रुपये मिळतात. 2024च्या नोव्हेंबरपूर्वी ते 500 होते. बँक खातं दिलंय का, ते आशाताईंना विचारा.

डेंग्यूची वाट निराळी. तो आजारी माणसाला शिवून होत नाही, त्याला मध्ये डास लागतो. हा डास दिवसा चावतो आणि घरातल्या साठवलेल्या पाण्यात वाढतो. आपल्याकडे नळाला पाणी रोज नाही, त्यामुळे दारात ड्रम, मोरीत टाकी, आणि मे महिन्यात घरोघरी कूलर. कूलरचं पाणी आपण वरून भरत राहतो, तळ कधी बघत नाही. आठवड्यातून एकदा तो पूर्ण रिकामा करा आणि टाकीच्या भिंती घासा. नुसतं ओतून भागत नाही, कारण अंडी पाण्याच्या रेषेवर चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात. तापाच्या माणसाला दिवसासुद्धा मच्छरदाणीत झोपवा. त्याला चावलेला डास पुढे बाकीच्यांना डेंग्यू देऊ शकतो. तापाला पॅरासिटामॉल चालतं. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन नको, त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो. ताप उतरला म्हणून निर्धास्तही होऊ नका. त्याच सुमारास पोट सारखं दुखणं, उलट्या, हिरड्यांतून रक्त, गुंगी असं काही दिसलं तर थेट दवाखाना.

जुलाबाची वाट मात्र आपल्या हातातूनच जाते. माठात पेला बुडवताना चार बोटं पाण्यात जातात. त्यापेक्षा लांब दांड्याचं ओगराळं घ्या, नाहीतर तोटीचा माठ. पाणी कमी असेल तरी हात धुता येतात: आधी थोडं पाणी, मग साबण बोटांच्या बेचक्यांत, नखांत, अंगठ्याभोवती चांगला चोळायचा, शेवटी वरून धार. शी काढल्यावर, आणि स्वयंपाकाला किंवा भरवायला बसण्याआधी हे झालंच पाहिजे. सॅनिटायझर जुलाबाच्या काही विषाणूंवर नीट चालत नाही, तिथे साबणच. हातमोजे घालणारेही बघते मी: शी काढतात आणि त्याच मोज्याने मोबाईल उचलतात!

ओआरएसचं पूर्ण पाकीट एक लिटर पाण्यात घालायचं. पेलाभर पाण्यात पाकीट ओतलं तर मीठ जास्त होतं, लेकराला अपाय होतो. केलेलं पाणी 24 तासांत संपवायचं. लहान मुलांना सोबत झिंक, 14 दिवस, जुलाब थांबले तरी.

आता अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसांचं. लघवीची नळी असेल तर पिशवी कायम कमरेच्या खाली हवी, पण जमिनीला टेकलेली नको. खाटेच्या खालच्या पट्टीला अडकवा. रिक्षात बसवताना लोक पिशवी उचलून आजोबांच्या पोटावर ठेवतात, म्हणजे आतली लघवी उलटी मूत्राशयाकडे जाते आणि तिच्यासोबत जंतूही. दवाखान्यापर्यंत कोणीतरी पिशवी खाली धरून बसा. नळीला पीळ पडला नाही ना, ते बघा. पिशवी काठोकाठ भरायची वाट बघू नका, आणि रिकामी करण्याआधी अन् नंतर हात धुवा. लघवी गढूळ झाली, थंडी वाजून ताप आला, किंवा आजोबा एकाएकी असंबद्ध बोलायला लागले तर ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

आता ती पिशवी इथे आणली आहे. पुढे या, रिकामी कशी करायची ते एकेकाने करून बघा. भाऊ, आधी तुम्ही.