बर्फाच्या कारखान्यातलं इनिट

मंडळी, पावसाळ्यात मालवणात लाइट किती वेळा जाते ते मी सांगायला नको. बंदराजवळच्या एका बर्फाच्या कारखान्यात तापमान नोंदवायला मी रास्पबेरी पाय ४, म्हणजे मेमरी कार्डावर चालणारा छोटा लिनक्स संगणक, लावला होता. लाइट आली की तो उठायचा, ब्लूटूथ, नेटवर्क, सगळ्यांना जागं करायचा आणि मग सावकाश आमच्या प्रोग्रॅमकडे वळायचा. काम एकच, मग एवढी वरात कशाला? ही वरात काढणारं सिस्टमडी बाजूला ठेवून इनिट, म्हणजे मशीन उठताना सगळ्यात आधी चालणारा प्रोग्रॅम, स्वतःच लिहायचं ठरवलं.

सुरुवात अगदी सोपी. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, मूळ फाइलसिस्टम (जिथे सगळ्या फाइली असतात) जोडतो आणि एकच प्रोसेस, म्हणजे चालता प्रोग्रॅम, सुरू करतो. तिचा नंबर, म्हणजे पीआयडी, १. ती कुठली, हे कार्डावरच्या बूट पार्टिशनमधल्या (सुरुवातीच्या फाइलींच्या कप्प्यातल्या) सीएमडीलाइन फाइलीत 'इनिट=' लिहून सांगता येतं. मी तिथे माझ्या शेल स्क्रिप्टचा, म्हणजे आज्ञा लिहिलेल्या फाइलीचा, पत्ता दिला. स्क्रिप्टने प्रोग्रॅम मागे चालता सोडला, स्वतः संपली, आणि पडद्यावर कर्नल पॅनिक, म्हणजे कर्नलने हात टेकले: 'अटेम्प्टेड टू किल इनिट'. पीआयडी १ संपलेली कर्नलला चालत नाही. मग शेवटच्या ओळीत 'एक्झेक' घातलं, म्हणजे स्क्रिप्टच्या जागी, त्याच नंबरावर, आमचा प्रोग्रॅम. आता पॅनिक नाही, पण तापमानही नाही! सेन्सरचा आकडा 'सिस'मधून वाचायचा असतो, आणि 'प्रॉक', 'सिस' हे कर्नलकडची माहिती दाखवणारे फोल्डर माउंट करायचं, म्हणजे जोडायचं, काम इनिटचं. आजवर ते कोणीतरी करत होतं म्हणून आपल्याला पत्ता नव्हता.

खरी गंमत पुढे. आमचा प्रोग्रॅम दर मिनिटाला एक छोटी स्क्रिप्ट चालवायचा, ती एसएमएसचं काम मागे चालतं सोडून निघून जायची. आईबाप (म्हणजे त्यांना सुरू करणारी प्रोसेस) संपलेल्या प्रोसेस पीआयडी १ च्या पदरात पडतात आणि त्या मेल्या की 'वेट' करून त्यांची नोंद मिटवायची जबाबदारीही तिचीच. आमच्या प्रोग्रॅमला हे कुठे ठाऊक? दिवसाला १४४० झॉम्बी, म्हणजे मेलेल्या पण नोंद न मिटलेल्या प्रोसेस. काही दिवसांनी नवीन प्रोसेस काढायला जागाच उरली नाही. कारखान्यात गेलो तर मशीन चालू, नोंद बंद.

तेव्हा मी हट्ट सोडला आणि बिझीबॉक्सचं (छोट्या लिनक्स मशीनसाठीच्या हत्यारांची पेटीच ती) तयार इनिट घेतलं. ते झॉम्बी आवरतं, आणि 'इनिटटॅब' या त्याच्या यादीत 'सिसइनिट'ची (उठताना एकदा करायच्या कामाची) एक ओळ माउंटसाठी, 'रिस्पॉन'ची एक प्रोग्रॅमसाठी, एवढ्यात भागतं. प्रोग्रॅम पडला तर पुन्हा उठतो. लिहिता लिहिता लाइट गेली तर बिघडू नये म्हणून मूळ फाइलसिस्टम रीड-ओन्ली (फक्त वाचता येणारी) ठेवली आणि नोंदींना वेगळं पार्टिशन दिलं, कारण आमच्याकडे मशीन रीतसर बंद होण्याची शक्यता शून्य. स्वतःचं इनिट एकदा लिहा जरूर, पण ते कारखान्यात लावू नका. आणि चुकलंच तर घाबरू नका: बूट पार्टिशन फॅटचं, म्हणजे विंडोजलाही वाचता येणारं असतं, कार्ड विंडोजच्या लॅपटॉपात घालून 'इनिट=' पुसा, जुनी व्यवस्था परत.

घड्याळ मात्र मी साफ विसरलो होतो. पाय ४ ला बॅटरीचं घड्याळ नसतं. लाइट गेली की वेळ जाते, मग लिनक्स १९७० पासून मोजायला लागतो, आणि इतरवेळी मागची वेळ जपून ठेवणारी सोय मीच काढून टाकली होती. कारखान्याचे काका वही घेऊन आले, "अरे मेल्या, ह्यां १९७० खंयसून इला?" शेवटी बॅटरीवर चालणारं डीएस ३२३१ चं घड्याळ बसवलं आणि 'सिसइनिट'मध्ये त्यातली वेळ उचलणारी 'एचडब्ल्यूक्लॉक'ची एक ओळ वाढवली. काकांनी १९७० च्या नोंदींवर लाल पेनाने काट मारली आहे, वही अजून तिथेच टांगलेली असते.