वेळेआधी पोहोचण्याचा दंड

श्रोतेहो, नमस्कार. आज मी मोटारींच्या एका स्पर्धेविषयी बोलणार आहे, आणि त्या स्पर्धेत ठरल्या वेळेआधी पोहोचणाऱ्याला उशिरा येणाऱ्यापेक्षा जास्त दंड होतो, हे सुरुवातीलाच सांगून टाकतो. रॅलीचे अनेक प्रकार असतात. रस्ता बंद करून सुसाट गाड्या पळवण्याचाही एक असतो. आमची रॅली वेळ, वेग आणि अंतर यांचा मेळ घालण्याची होती. हातात रस्त्याची एक वही देतात. तिच्यात प्रत्येक वळणाचे अंतर, बाणांची चित्रे आणि त्या टप्प्यासाठी ठरवलेला सरासरी वेग एवढेच असते. ताशी ३६ किलोमीटरची सरासरी दिली असेल, तर २४ किलोमीटरला बरोबर ४० मिनिटे लागली पाहिजेत. वाटेत कुठेतरी झाडाआड घड्याळ घेऊन बसलेला माणूस तुमची वेळ टिपतो, आणि तो कुठे बसला आहे हे कोणालाच ठाऊक नसते. उशिराच्या प्रत्येक मिनिटाला एक गुण जातो, लवकर आल्यास दोन.

आमचा मार्ग सिरोंच्यापासून चिखलदऱ्यापर्यंत होता. विदर्भाच्या दक्षिण टोकाला, जिथे प्राणहिता गोदावरीला मिळते, तिथून निघायचे आणि आलापल्लीचे जंगल, चामोर्शी, चंद्रपूर, वर्धा, अमरावती असे करत तिसऱ्या दिवशी मेळघाटाच्या डोंगरावर चढायचे. महिना मार्चअखेरचा. शेजारी वही घेऊन माझा भाचा बसला होता. त्याचे गणित पक्के आहे आणि मला टोकताना तो भीडभाड ठेवत नाही, म्हणून त्याला घेतले होते. गाडी कार्ब्युरेटरच्या, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणाऱ्या जुन्या भागाच्या जमान्यातली, माझ्या थोरल्या मुलापेक्षा वयाने मोठी. तिच्या पुढच्या बंपरला मी पाण्याने भरलेली कॅनव्हासची छागल टांगली होती, तेव्हा नव्या गाड्यांतली पोरे हसली. दुपारी दोन वाजेपर्यंत त्यांचे हसणे टिकले. मग त्यांतले तिघे गार पाणी मागायला आमच्याकडेच आले.

उन्हात जुनी गाडी का बंद पडते, हे थोडे विस्ताराने सांगतो, कारण पुढची सगळी हकीकत त्यावरच उभी आहे. त्या काळच्या गाड्यांत पेट्रोलचा पंप इंजिनालाच चिकटवलेला असे. तो फार तापला की पंपातल्या आणि नळीतल्या पेट्रोलची वाफ होते, पंप पेट्रोल ओढायचे सोडून नुसती वाफ दाबत बसतो आणि कार्ब्युरेटर कोरडा पडतो. गाडी पळत असते तोवर समोरून वारा येतो, पंखाही फिरत असतो, त्यामुळे निभावते. खरा घात होतो तो गाडी बंद करून पाच मिनिटे उभी केली की, कारण वारा थांबतो आणि इंजिनात साठलेली धग पंपाकडे सरकते. त्यानंतर किल्ली कितीही फिरवली तरी बॅटरी तेवढी उतरते. यावर उपाय एकच, आणि तो आपल्याकडच्या प्रत्येक जुन्या ड्रायव्हरला ठाऊक आहे. पंपावर ओले फडके गुंडाळायचे, त्यावर थेंब थेंब पाणी सोडत राहायचे आणि सावलीत बसून वाट पाहायची. आलापल्लीच्या अलीकडे आम्ही असे ३५ मिनिटे बसलो. सकाळी वेचलेली मोहफुले समोरच्या अंगणात वाळत घातली होती, त्यांचा गोडसर, डोके जड करणारा वास येत होता, आणि भाचा घड्याळाकडे पाहून दर मिनिटाला आपला गेलेला गुण मोजत होता.

चामोर्शीच्या पुढे रेडिएटर गळू लागला. मी उतरून घाईघाईने झाकणाला हात घालणार, तोच रस्त्याकडेला बकऱ्या चारणारे एक आजोबा ओरडले, "आता नका उघडू जी, तोंडावर येईन!" त्यांचे म्हणणे अगदी बरोबर होते, दाबाखालचे उकळते पाणी कारंज्यासारखे उडते. गाडी निवल्यावर त्यांनी विचारले, "हळद आहे का जवळ?" आमच्याजवळ नव्हती. त्यांनी नातीला घरी पिटाळले आणि ती पदरात पुडी बांधून घेऊन आली. मूठभर हळद पाण्यात कालवून रेडिएटरमध्ये ओतली आणि इंजिन चालू ठेवले. बारीक भोकाकडे पाण्याबरोबर गेलेली भुकटी तिथेच फुगून अडकते आणि गळती मंदावते. भोक मोठे असेल तर काही उपयोग नाही, आणि नंतर रेडिएटर साफ करून घ्यावाच लागतो. पण चंद्रपूरपर्यंत आम्ही त्या हळदीवर गेलो. मुक्कामी उतरलो तेव्हा गाडीखाली पिवळ्या थेंबांची रांग होती. पैशाचा विषय काढला तेव्हा आजोबांनी इतक्या तिरकस नजरेने पाहिले की मी पाकीट परत खिशात घातले.

रॅलीचा जुना इतिहास पाहिला तरी असे प्रसंग भेटतात. १९०७ साली पेकिंग ते पॅरिस अशी पहिली मोठी मजल मारली गेली. पाच गाड्या १० जूनला निघाल्या आणि इटलीचा राजपुत्र शिपियोने बोर्गेसे बरोबर दोन महिन्यांनी, १० ऑगस्टला, पॅरिसला पोहोचला. त्याच्या गाडीला लाकडी आऱ्यांची चाके होती. रशियात त्यांतले एक खिळखिळे होऊन मोडले, तेव्हा तिथल्या एका गावकारागिराने कुऱ्हाडीने लाकूड तासून ते पुन्हा उभे केले. आपल्याकडे बैलगाडीची धाव बसवणारा सुतार ज्याने पाहिला आहे, त्याला यात नवल वाटणार नाही. १९६८ साली लंडनहून सिडनीला निघालेल्या गाड्या काबूल, दिल्ली करत मुंबईला आल्या आणि तिथून जहाजाने ऑस्ट्रेलियाला गेल्या. शेवटाजवळ आघाडीवर असलेल्या लुसियन बियांकीच्या गाडीला अपघात झाला, आणि अँड्र्यू कोवन हा स्कॉटिश चालक साध्या, घरगुती वापराच्या हिलमन हंटरने जिंकला. मला त्या विजयाचे कौतुक जास्त वाटते, कारण गाडी शेवटपर्यंत चालती ठेवणे हेच त्याने मुख्य काम मानले होते.

वर्धा आणि अमरावती यांविषयी सांगण्यासारखे फार नाही. रस्ता सरळ होता, एक टायर बसला, तो बदलला. परतवाडा सोडल्यावर घाट लागला. इथे सरासरी ताशी २४ किलोमीटरची दिली होती, म्हणजे दिसायला अगदी सोपी. परंतु चढावर गाडी खालच्या गिअरमध्ये कण्हत चढते, वेग कमी म्हणून वारा कमी आणि इंजिनावर भार मात्र दुप्पट, त्यामुळे इंजिनाच्या तापमानाचा काटा तांबड्या रेघेला टेकलेला. पंप गार राहावा म्हणून फडके आधीच गुंडाळून ठेवले होते. कसेबसे चढत असताना भाच्याने वहीतून मान वर केली आणि म्हणाला, "मामाजी, आपण लवकर चाललो. थांबा थोडं."

माझा पाय ब्रेककडे जाईना. तीन दिवस ज्या गाडीने हवे तिथे थांबून आमचे गुण घालवले, तिला आता आम्ही आपणहून थांबवायचे होते, आणि थांबवली असती तर वारा थांबला असता, धग पंपाकडे गेली असती आणि रात्र घाटातच काढावी लागली असती. शिवाय घड्याळवाला दिसू लागल्यावर त्याच्या नजरेसमोर थांबायला नियमाने मनाई होती. मी गाडी तशीच चालवत राहिलो. शेवटच्या वळणावर, एका झाडाखाली, टोपी डोळ्यांवर ओढलेला तरुण उठून उभा राहिला, घड्याळ पाहिले आणि कागदावर लिहिले: चार मिनिटे लवकर, आठ गुण वजा. भाच्याने वही मिटली. मी किल्ली फिरवून इंजिन बंद केले, खाली उतरलो आणि सवयीने छागल सोडून पंपावर पाणी धरले.