लॉवेलचा पाटकरी: जेम्स फ्रान्सिस आणि गिरण्यांच्या पाण्याचा हिशेब

नमस्कार मंडळी!

सिव्हिलचा डिप्लोमा किंवा डिग्री केलेलं कोणी बघत असेल, तर बांधाच्या खाचेवरून किती पाणी वाहतं ते काढायचा एक फॉर्म्युला आठवतो का सांगा. क्यू इज इक्वल टू वन पॉइंट एट फोर, कंसात एल मायनस पॉइंट वन एन एच, कंस पूर्ण, एच रेज टू थ्री बाय टू. ओरलला हमखास विचारायचे आणि आपण धडाधड सांगायचो, "सर, फ्रान्सिस फॉर्म्युला." मेकॅनिकलवाल्यांना फ्रान्सिस टर्बाइन, म्हणजे पाण्याच्या जोरावर फिरणारं चाक, असायचं. हे दोन्ही फ्रान्सिस म्हणजे एकच माणूस, हे मला कॉलेज सुटल्यावर कित्येक वर्षांनी कळलं.

मला वाटलेलं, असेल कुठल्यातरी विद्यापीठातला प्रोफेसर. छे! कापडगिरण्यांच्या पाण्याचा हिशेब ठेवणं हे त्याचं काम. आपल्याकडे कालव्यावर पाटकरी असतो ना, आज कुणाची पाळी, कुणाला किती पाणी, रात्री चारी कोणी फोडली हे बघणारा? जेम्स बिचेनो फ्रान्सिस हा अमेरिकेतल्या एका अख्ख्या गिरणगावाचा पाटकरी होता. आणि माझं म्हणणं असं, की त्याची बाकी सगळी कीर्ती या पाटकरीपणातूनच आली.

गाव लॉवेल. मॅसॅच्युसेट्स राज्यात, बोस्टनच्या वर. मेरिमॅक नदी इथे पॉटकेट धबधब्याला ३० फुटांहून जास्त खाली उतरते. धबधबा टाळून होड्या आणि लाकूड नेता यावं म्हणून १७९० च्या दशकात एक कालवा खणला होता. १८२० च्या दशकात बोस्टनच्या पैसेवाल्यांनी तो घेतला आणि त्याच्या पाण्यावर गिरण्या उभ्या केल्या.

मुंबईच्या गिरण्या १८५० च्या दशकात सुरू झाल्या त्या वाफेवर. म्हणून आपल्या डोळ्यांसमोर गिरणगाव म्हटलं की आधी चिमणी येते. लॉवेलमध्ये आधी कालवे आले. वरच्या कालव्यातलं पाणी एका गिरणीचं चाक फिरवून खालच्या कालव्यात पडायचं, तिथून दुसऱ्या गिरणीत. पाणी विकायचं माप होतं 'मिल पॉवर'. एक मिल पॉवर म्हणजे सूत कातायच्या ३,५८४ चात्यांची गिरणी चालेल एवढं पाणी. ३० फूट उतार असेल तर २५ क्युसेक, म्हणजे सेकंदाला २५ घनफूट. हो, तेच क्युसेक, पावसाळ्यात धरणाचे दरवाजे उघडले की बातम्यांत येतात ते.

आता आपला माणूस. जन्म १८१५, इंग्लंडमधला, ऑक्सफर्डशायरचा. चौदाव्या वर्षापासून वडिलांबरोबर वेल्समध्ये बंदराच्या कामावर. १८३३ मध्ये अमेरिका गाठली, व्हिसलर नावाच्या रेल्वे इंजिनिअरच्या हाताखाली लागला आणि पुढच्या वर्षी त्याच्याबरोबर लॉवेलला आला. तिथलं पहिलं काम मला फार आवडतं. इंग्लंडहून स्टीफन्सनच्या कारखान्याचं रेल्वे इंजिन आणलं होतं. पोराला सांगितलं, हे सगळं खोल, एकेक भाग मोज, ड्रॉइंग काढ. तसलंच इंजिन इथे बनवायचंय. १८३७ मध्ये व्हिसलर लॉवेल सोडून गेला आणि बावीस वर्षांचा फ्रान्सिस तिथले कालवे सांभाळणाऱ्या कालवे कंपनीचा मुख्य इंजिनिअर झाला. डिग्री नाही, कसली पदवी नाही.

खरी गंमत १८४५ पासून. त्या वर्षी गिरण्यांनी मिळून कालवे कंपनी आपल्या ताब्यात घेतली आणि फ्रान्सिसला इंजिनिअरबरोबर मॅनेजरही केलं. म्हणजे जे पाणी घेणारे, तेच त्याचे मालक! प्रत्येकाला वाटणार, शेजारची गिरणी आपल्यापेक्षा जास्त ओढतेय. नुसतं "मी इमानदार आहे हो" म्हणून कोण ऐकतंय? आकडा दाखवायला हवा, आणि तो आकडा भांडखोरातल्या भांडखोर मालकालाही पटायला हवा.

मग त्याने मोजायला घेतलं. कालव्याच्या सरळ पट्ट्यात पत्र्याच्या लांब नळ्या सोडायच्या. नळीच्या बुडाशी शिसं, म्हणजे ती पाण्यात उभी तरंगते, खालचं टोक तळापासून थोडंसंच वर. का? पाणी वरती जोरात पळतं, तळाशी रेंगाळतं. साधं लाकूड टाकलं तर फक्त वरचा वेग कळणार. उभी नळी वरपासून खालपर्यंतच्या पाण्याबरोबर वाहते. या खुणेपासून त्या खुणेपर्यंत किती सेकंद, एवढं टिपायचं. असं एकदा नाही, कालव्याच्या रुंदीत या काठापासून त्या काठापर्यंत, पुन्हा पुन्हा.

आणि तो वन पॉइंट एट फोर? तो १८५२ चा. वियर म्हणजे बांधाला पाडलेली चौकोनी खाच, वरून पाणी सांडतं. पाण्याची उंची कळली की किती वाहतंय ते काढता आलं पाहिजे. आपण लॅबमध्ये हे वीतभर खाचेवर केलं. फ्रान्सिसची खाच साधारण १० फुटांची होती! सांडलेलं पाणी साठवायला त्याने कालव्यातली होड्या चढवायची-उतरवायची अख्खी टाकीच घेतली. टाकीचं माप माहीत, भरायला लागलेला वेळ माहीत, झालं. आणि पाण्याची उंची बघायला हुक गेज. आठवतं का ते? हुकाचं टोक पाण्याखालून हळूहळू वर आणायचं. टोक पृष्ठभागाला भिडलं की तिथे पाण्यावर एक बारीकसा उंचवटा दिसतो. तिथे थांबायचं आणि वाचायचं, फुटाच्या हजाराव्या भागापर्यंत. हे हुक गेज काढलं युराया बॉयडन या माणसाने. त्याचं नाव लक्षात ठेवा. फॉर्म्युल्यातलं ते पॉइंट वन एन एच आठवा. एल म्हणजे खाचेची रुंदी, एच म्हणजे पाण्याची उंची, एन म्हणजे पाणी आत वळतं अशा कडा किती. खाचेच्या कडांशी पाणी आत वळतं, त्यामुळे रुंदी तेवढी कमी धरायची. मूळ फुटांत आकडा ३.३३ होता, मीटरमध्ये तो १.८४ झाला.

आता टर्बाइन. इथे मात्र आपल्या हिरोला थोडं खाली उतरवायला लागणार आहे.

लॉवेलमधलं पहिलं टर्बाइन फ्रान्सिसचं नाही, याच बॉयडनचं. १८४४, ॲपलटन कंपनीची गिरणी. तिथेच दोन वर्षांनी आणखी चाकं बसवायची ठरली तेव्हाचा करार बघा. चाकाने पाण्यातली ७८ टक्के शक्ती पकडली तर बॉयडनला १,२०० डॉलर, आणि वरच्या प्रत्येक टक्क्याला ४०० डॉलर. मोजणी झाली, आकडा आला ८८. कंपनीने गपचूप ५,२०० डॉलर मोजले.

बॉयडनच्या चाकात पाणी मधोमध शिरून बाहेर फेकलं जायचं. उलट, बाहेरून आत येणारं चाक सॅम्युएल हाऊडने १८३८ मध्ये पेटंट केलं होतं. फ्रान्सिसने ती कल्पना घेऊन पाण्याच्या वाटा नीट आखल्या आणि १८४९ मध्ये बूट नावाच्या कापडगिरणीत तशी चाकं बसवली. या रचनेचा एक फायदा असा, की चाक जास्त जोरात फिरायला लागलं तर ते येणारं पाणी आपणच बाहेर ढकलतं, म्हणजे स्वतःला थोडा लगाम घालतं. पण मोजणीत ते भरलं ८० टक्क्यांच्या आसपास. बॉयडनपेक्षा कमी! आणि हा आकडा फ्रान्सिसने स्वतःच १८५५ च्या पुस्तकात छापला. आकृत्या, मापं, प्रयोग, सगळं उघडं. त्यावरून गणित करून कोणालाही चाक आखता येऊ लागलं. नंतरच्या लोकांनी चाकाची पाती खाली वळवली, आकार पार बदलला, नाव तेवढं राहिलं. आपल्या कोयनेच्या चौथ्या टप्प्यातली २५० मेगावॉटची टर्बाइन फ्रान्सिस जातीची, चीनच्या थ्री गॉर्जेसची ७०० मेगावॉटची पण तीच.

थांबा, दुसरी बाजूही सांगतो. लॉवेलला उन्हाळ्यात पाणी कमी पडू नये म्हणून शेजारच्या न्यू हॅम्पशायर राज्यातल्या तलावांचे बांध विकत घेतले गेले. तिथली माणसं एवढी खवळली, की १८५९ मध्ये जमाव थेट बांध फोडायला आला. वरच्याचं पाणी खालच्याने पळवलं, हे भांडण आपल्याला काही नवं नाही. आणि या गिरण्यांत जाणारा कापूस दक्षिणेतल्या गुलामांनी वेचलेला होता. पाणी हजाराव्या भागापर्यंत मोजणाऱ्या गावात त्याचा हिशेब कोणी मांडला नाही.

पुढे १८८९ मध्ये पेनसिल्व्हेनियात साउथ फोर्क धरण फुटून जॉन्सटाऊनमध्ये २,२०९ माणसं गेली. इंजिनिअरांच्या संस्थेच्या चौकशी समितीत म्हातारा फ्रान्सिस होता. ते धरण एका क्लबच्या मालकीचं होतं; अहवालाने त्या क्लबला फार सांभाळून घेतलं, असं आजचे अभ्यासक म्हणतात. मलाही तसंच वाटतं.

आता एका दाराची गोष्ट, त्याच्याशिवाय मी व्हिडिओ संपवणार नाही.

१७८५ मध्ये मेरिमॅकला प्रचंड पूर आलेला. तेव्हा लॉवेल नव्हतंच. फ्रान्सिसने त्या पुराच्या खुणा शोधल्या, उंची मोजली आणि त्याच्या लक्षात आलं, एवढं पाणी परत आलं तर जुन्या कालव्यातून थेट गावात घुसणार. १८५० मध्ये त्याने कालव्याच्या तोंडाशी लाकडाचं दार टांगलं. २७ फूट रुंद, २५ फूट उंच, जवळपास दीड फूट जाड. लोखंडी पट्टीवर लटकवलेलं. ना रोज उघडायचं ना मिटायचं, नुसतं टांगलेलं. लोक हसले. नावच पाडलं, 'फ्रान्सिसचा वेडेपणा'.

दोनच वर्षं. २२ एप्रिल १८५२, पहाटे साडेतीनच्या सुमारास, नदी फुगलेली. छिन्नी लावून लोखंडी पट्टी तोडली. दार कोसळलं, कालव्याचं तोंड बंद. गाव वाचलं.

फ्रान्सिस १८९२ मध्ये लॉवेलमध्येच गेला. मार्च १९३६ मध्ये मेरिमॅकला पुन्हा महापूर आला. त्याला जाऊन ४४ वर्षं झाली होती. दार अजून तिथेच टांगलेलं होतं. लॉवेलकरांनी ते दुसऱ्यांदा खाली सोडलं.