बेणं, बी आणि बुरशी

(दृश्य: चिखलात कोपरापर्यंत बुडालेले हात. गाळातून हलकेच वर येणारी लांब, फिकट पेरं.)

कमळकाकडी हे मूळ नव्हे, गाळात आडवं पसरणारं खोड आहे. चकत्या कापल्या की त्यात भोकं दिसतात. ती हवेच्या नळ्यांची टोकं. पाण्यावरच्या पानांनी घेतलेली हवा या नळ्यांतून खाली उतरते आणि प्राणवायू जवळजवळ नसलेल्या चिखलातही खोड जिवंत राहतं.

दिवस लहान होऊ लागले, की थंड हवामानातल्या कमळाची पेरं पिठूळ साठ्याने जाड होतात. उष्ण प्रदेशातल्या कमळाची मात्र दोरीसारखी बारीकच राहतात. जात एकच, फरक जनुकांचा.

म्हणून काकडीसाठी कमळ लावणारा शेतकरी बी पेरत नाही. बियांतून उगवलेली रोपं एकसारखी निघत नाहीत. तो चांगल्या खोडाचा डोळा असलेला तुकडा बेणं म्हणून ठेवतो आणि पुढच्या हंगामात तोच लावतो. शेत नवं, वर्ष नवं, झाड मात्र तेच. पाण्यातल्या बऱ्याच भाज्या अशा बेण्यावर चालतात. या पिकांच्या जनुकसंचात, म्हणजे पेशीतल्या सगळ्या आनुवंशिक मजकुरात, जे सापडलं, त्यातलं सगळ्यात विलक्षण मला इथेच सुरू झालेलं दिसतं.

(दृश्य: काळंभोर, गोटीसारखं कमळबी. बाजूला मोजपट्टी.)

बी वाया गेलं, असं मात्र नाही. ईशान्य चीनमधल्या ल्याओनिंग प्रांतात एका जुन्या, कोरड्या पडलेल्या तळ्याच्या गाळात कमळबिया सापडल्या. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या जेन शेन-मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातल्या काही रुजवल्या. 1995 साली त्यांनी जाहीर केलं, की त्यांतल्या एका बीचं वय सुमारे 1300 वर्षं होतं. तेही अंदाजाने सांगितलेलं नव्हतं, रेडिओकार्बन पद्धतीने मोजलेलं होतं. कवच इतकं घट्ट, की पाणी आत शिरत नाही. शिवाय बिघडलेली प्रथिनं दुरुस्त करणारं एक विकर (एन्झाइम) या जुन्या बियांतही काम करत होतं. तेरा शतकं अंधारात पडून राहायचं आणि पाणी मिळताच कोंब काढायचा! हे वाचताना मी तरी दर वेळी थांबतो.

2013 मध्ये कमळाचा जनुकसंच वाचून झाला. गुणसूत्रांच्या आठ जोड्या, डीएनएची सुमारे 93 कोटी अक्षरं. दिसायला कमळ कुमुदिनीची बहीण वाटतं, पण त्याची जवळची नाती निघाली चिनार आणि मॅकाडेमियाच्या झाडांशी. द्राक्ष, टोमॅटो, गुलाब यांच्या दूरच्या पूर्वजात एकदा सगळा जनुकसंच तिप्पट झाला होता. त्या घटनेआधीच कमळाची फांदी वेगळी झाली. त्यामुळे त्या उलथापालथीपूर्वी मांडणी कशी होती, हे शोधणाऱ्यांना कमळाचा मोठा आधार मिळाला.

आणखी एक गोष्ट दिसली. कमळाच्या जनुकांत बदल फार सावकाश साठतात. द्राक्षवेलीशी ताडून पाहिलं, तर वेग सुमारे 30 टक्क्यांनी कमी. बी शतकानुशतकं झोपतं, खोड बेण्यावर चालत राहतं, म्हणजे ठरावीक काळात पिढ्याच कमी होतात. या संथपणाचं कारण त्यात असावं, असा तर्क आहे.

(दृश्य: पाण्यात उभं, माणसापेक्षा उंच गवत. बुंध्याशी सोललेला पांढराशुभ्र, फुगीर कोंब.)

आता हे गवत पाहा. भाताचं हे नातलग. प्राचीन चीनमध्ये याचे दाणे धान्य म्हणून खात. आज दाण्यासाठी ते कुणी लावत नाही. आज खातात तो हा फुगलेला कोंब, ज्याओबाय. आणि तो फुगतो एका बुरशीमुळे. मक्यावर काणी आणणाऱ्या बुरशीचीच ही जवळची नातलग. ती आत शिरली, की खोडातल्या संप्रेरकांचा तोल बदलतो, पेशी भराभर वाढतात, फुलोरा येतच नाही. काढणी वेळेवर व्हावी लागते. उशीर झाला, की आत काळे बीजाणू भरतात आणि भाजी हातची जाते.

फुलोरा नाही, म्हणजे बी नाही. लावायचं ते बेणंच, आणि बेण्यासोबत बुरशीही पुढे जाते. दोघांची लावण एकत्रच होते, आणि हे दोन हजारांहून अधिक वर्षं चालू आहे. 2015 मध्ये या गवताचा जनुकसंच प्रसिद्ध झाला. लागवडीतलं आणि रानातलं गवत ताडून पाहिल्यावर दिसलं, की लागवडीतल्या गवताने रोगप्रतिकाराची काही जनुकं गमावली आहेत. शेतकरी दर वर्षी बुरशीला आत राहू देणारंच झाड निवडत होता. जनुक हा शब्दही नव्हता, तेव्हापासून.

(दृश्य: मखाण्याचं काटेरी, परातीएवढं पान.)

मखाण्याची तऱ्हा उलटी. तो दर वर्षी बियांतूनच येतो. पण त्याची बरीच फुलं पाण्याखाली मिटलेलीच राहतात आणि स्वतःच्याच परागांनी फळतात. संकर घडवायचा, तर माणसालाच कष्ट घ्यावे लागतात. शिंगाड्यात काही प्रकारांत 48 गुणसूत्रं, काहींत थेट दुप्पट, 96. संकरासाठी जोडीदार निवडतानाच घोळ होतो.

या सगळ्या वाचनाचा उपयोग तळ्याच्या काठावर होतो. कमळाची काकडी जाड होणार की बारीक, हे कळायला हंगाम सरेपर्यंत थांबून चिखल उपसावा लागतो. संबंधित जनुकांच्या खुणा हाती असतील, तर रोप लहान असतानाच पानाचा तुकडा तपासून निवड करता येते. मात्र तुलनेसाठी जुने वाण जिवंत हवेत, आणि बेण्यावरचे वाण पाकिटात भरून शीतपेटीत ठेवता येत नाहीत. वुहानमध्ये पाणभाज्यांचा राष्ट्रीय संग्रह आहे. असा संग्रह म्हणजे पाणी, गाळ आणि दर वर्षीची नवी लावण.

(दृश्य: तळ्याकाठी रानटी गवताला आलेला फुलोरा. वाऱ्याबरोबर पाण्यात गळणारे दाणे.)

हरवलेली प्रतिकाराची जनुकं या रानटी गवतात आहेत. दुसऱ्या रोगांशी लढण्यासाठी ती परत आणावीत, असं कुणालाही वाटेल. पण त्यातलं कोणतं जनुक या बुरशीलाही बाहेर ठेवेल? तसं झालं, तर गवत निरोगी होईल, उंच वाढेल, फुलेल, आणि कोंब फुगणार नाही.