वाऱ्याची दिशा लिहिणारे काका

श्रोतेहो, नमस्कार.

सकाळी चहाचा कप हातात घेऊन फेसबुक उघडलं की काय दिसतं? कुणाचा सत्कार, कुणाच्या होमस्टेचा झोपाळा, कुणाचं "सांगायला अतिशय आनंद होतोय". वीस मिनिटं जातात आणि हाती काही लागत नाही. हा गलबला आपणच घरात घेतलेला असतो. एकेकाला फॉलो करत, भिडेखातर, ओळखीखातर. तर फॉलो करण्याआधी माणूस पारखायचा कसा, एवढंच आज बोलायचं आहे.

त्यासाठी २०२१ च्या मे महिन्यात या.

त्या वर्षी अक्षय्य तृतीया १४ मे रोजी होती. मी विजयदुर्गच्या खाडीकाठी माझ्या चुलतभावाकडे होतो. त्याची चाळीस कलमं आहेत. शेवटच्या तोडीचा आंबा झाडावर होता. माझा मोबाइल पेट्यांनी भरलेला. तृतीयेची खास पेटी, थेट बागेतून, फक्त आमच्याकडे. खाली बागवाल्याचा हसरा फोटो. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांना. तरीही परराज्यातला आंबा देवगडच्या नावाच्या पेटीत बसतो, आणि ती पेटी विकणाराच सगळ्यात मोठ्याने बोलत असतो. हे मला फार लागतं. पेटीवरचं नाव खोटं असेल, तर ती आमच्या झाडांची चोरी आहे. असो.

भावाच्या गावात एक काका आहेत, पोस्टातून निवृत्त झालेले. रोज सकाळी बंदरावर जातात आणि घरी येऊन फेसबुकवर दोन ओळी लिहितात. "वारा वायव्य. पाणी निवळ. भरती सव्वादहा. विशेष काही नाही." फोटो नाही, स्वतःबद्दल अक्षर नाही. त्यांना फॉलो करणारी माणसं साठ-सत्तर. मीही त्यांत होतो, पण मला ते कंटाळवाणं वाटलं. फेसबुकवर एखाद्याला तीस दिवस गप्प बसवायची सोय आहे, ती मी वापरली. आणि गप्प बसवलं कोणाला? काकांना. पेट्यांना नाही.

शनिवारी, १५ तारखेला, सकाळी आत्याचा फोन आला. "काकांनी काय लिहिलंय वाचलंस काय रे?" मी शोधून वाचलं. लिहिलं होतं, "वारा पडलेला आहे, पण लाट दक्षिणेकडून येते, लांब आणि जड. हवामान खात्याचा इशारा खाली जोडला आहे, तो आधी वाचा, मग माझं. होड्या वर ओढा. आंबा उतरवता येईल तेवढा उतरवा. वारा उद्या दुपारनंतर चढेल असं मला वाटतं."

तौक्ते वादळ येत होतं. वादळ लांब असतानाच त्याची लाट किनाऱ्याला लागते, वाऱ्याच्या पुष्कळ आधी. दर्यावर्दी माणसाला ती कळते. भावाने गडी बोलावले, आंबे उतरवायचे झेले काढले, आणि दिवे लागेपर्यंत आम्ही निम्मी कलमं उतरवली. उरलेली रविवारी सकाळी, असं ठरलं, कारण काकांनी दुपार म्हटलं होतं.

वारा पहाटेच आला. वरची कौलं उडाली, तीन कलमं मुळासकट गेली, राहिलेला सगळा आंबा जमिनीवर. वीज गेली ती पाच दिवस. सहाव्या दिवशी मी मोबाइल चार्ज केला आणि आधी काकांचं पान उघडलं. तिथे त्यांनी लिहिलं होतं, "मी दुपार म्हटलं होतं, वारा पहाटे आला. माझा अंदाज चुकला. माझ्यावर विसंबून ज्यांनी आंबा ठेवला, त्यांचं नुकसान झालं, याचं मला वाईट वाटतं. आज वारा पश्चिम. पाणी गढूळ."

भावाने ते वाचलं आणि म्हणाला, "निम्मा वाचला तो त्यांच्यामुळेच." त्याला त्यांचा राग आला नाही. मलाही नाही. हा माणूस चुकल्यावर आपल्याला सांगेल, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. पेट्यावाल्यांच्या पानांवर सहाव्या दिवशीही तोच हसरा फोटो होता.

तेव्हापासून मी एक करतो. कुणाला फॉलो करण्याआधी त्याच्या मागच्या वीस पोस्ट वाचतो. पुन्हा सांगतो, मागच्या वीस पोस्ट. त्यांत "मी" किती आणि बाहेरचं जग किती, ते बघतो. दुसऱ्याचं चांगलं काम तो दाखवतो का, माहिती कुठून घेतली ते सांगतो का, आणि वीसमध्ये एकदा तरी "माझं चुकलं" म्हणतो का. पैसे घेऊन केलेल्या पोस्टवर तसं स्पष्ट लिहायचं, हा जाहिरात मानक परिषदेचा नियम २०२१ पासून आहे. तो पाळतो का, तेही बघतो.

विकणारा माणूस वाईट, असं मी म्हणत नाही. माझा भाऊही फेसबुकवरच आंबा विकतो. पण मोहर उशिरा आला, त्यावर तुडतुड्याची कीड पडली, पहिली पेटी एप्रिलच्या मध्याला मिळेल, हे तो आधी लिहितो. ते वाचून गिऱ्हाइकाला झाड कळतं. अशा विकणाऱ्याला जरूर फॉलो करा.

आणि रील करणाऱ्या मुलांना एक विनंती. ड्रोनने किनारा दाखवता तेव्हा समुद्राचा आवाज पुसून त्यावर गाणं घालू नका. आवाजावर पोट असलेला माणूस म्हणून सांगतो, गाजेवरून हवा ओळखणारी पिढी आपल्याकडे अजून आहे.

आता नातेवाइकांचं. फॉलो करणं थांबवलं तर ते दुखावतील, ही भीती मलाही होती. पण फेसबुकवर मैत्री तशीच ठेवून फक्त फॉलो करणं बंद करता येतं, आणि समोरच्याला त्याचा निरोप जात नाही. इन्स्टाग्रामवर वर ॲपचं नाव असतं, त्यावर बोट ठेवलं की "फॉलोइंग" निवडता येतं. मग आपण निवडलेल्यांचंच दिसतं, ताजं आधी या क्रमाने. ही सोय २०२२ मध्ये आली. पण ॲप बंद करून उघडलं की पुन्हा पहिल्यासारखंच दिसतं, म्हणून रोज निवडावं लागतं. रोज निवडा.

मी पावणेतीनशे नावांची यादी घेऊन बसलो होतो. एकेकाच्या वीस पोस्ट वाचायला पंधरा दिवस गेले. एकेचाळीस नावं राहिली. काकांचं त्यांत पहिलं. आज सकाळी त्यांनी लिहिलं आहे, "वारा नैर्ऋत्य, हलका. भरती साडेअकरा. विशेष काही नाही."

नमस्कार.