गळकी रक्तवाहिनी दाखवणारा रंग

[दृश्य: सांगली मार्केट यार्ड, हळदीचे सौदे]

सांगलीच्या यार्डातली ही हळद. चिमूटभर घ्या, स्पिरिटमध्ये ढवळा आणि अंधारात तिच्यावर नोटा तपासायचा जांभळा दिवा धरा. स्पिरिट हिरवट-पिवळं उजळतं! हळदीतलं कर्क्युमिन न दिसणारे अतिनील किरण शोषतं आणि दिसणारा प्रकाश बाहेर टाकतं. ही प्रतिदीप्ती. तिच्याच जोरावर आज शरीरातले आजार शोधले जातात.

[दृश्य: मिरज, रुग्णालयाबाहेरची वर्दळ]

मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. मिशनरी डॉक्टर विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली इथं रुग्णालय काढलं. आजही पार कर्नाटकातून पेशंट येतात. त्यांत मधुमेहाचे कितीतरी. 'डोळ्याची अँजिओग्राफी करू' म्हटलं की माणूस घाबरतो, कारण अँजिओग्राफी म्हटल्यावर आपल्याला हृदयच आठवतं. पण इथं नळी घालत नाहीत. बाहुली मोठी करायचे थेंब टाकतात आणि हाताच्या शिरेत फ्लुरेसिन नावाचा रंग टोचतात. जर्मन रसायनशास्त्रज्ञ आडोल्फ फॉन बायर यांनी तो १८७१ मध्ये तयार केला.

[दृश्य: स्क्रीनवर डोळ्याच्या पडद्याचे फोटो]

दहा-पंधरा सेकंदांत रंग डोळ्याच्या पडद्यापर्यंत पोचतो. कॅमेरा निळा प्रकाश टाकतो, रंग हिरवा उजळतो. आधी धमन्या भरतात, मग शिरांच्या कडा. इथं बघा, हा बारीक ठिपका. पुढच्या फोटोत त्याची कड पुसट झाली आणि आता तो डाग होऊन पसरला. निरोगी रक्तवाहिनी रंग आत धरून ठेवते. मधुमेहानं कमजोर झालेल्या वाहिनीतून तो झिरपतो, जुन्या पाइपलाइनच्या सांध्यातून पाणी झिरपावं तसा. आणि हा काळा राहिलेला तुकडा? तिथं रक्तच पोचत नाही. पेशंटला अजून नीट दिसत असतानाही हे फोटोत येऊ शकतं. लेसर कुठं मारायचा, हे ठरवायला डॉक्टरांना त्याची मोठी मदत होते.

तपासणीनंतर कातडी पिवळसर दिसते, लघवी गडद पिवळी होते. कातडीचा रंग दिवसभरात ओसरतो, लघवीचा दिवस-दीड दिवसात. काहींना मळमळतं. क्वचित ॲलर्जीही येते, म्हणून आधीची ॲलर्जी, दमा डॉक्टरांना सांगायलाच हवा.

फ्लुरेसिनचा हिरवा प्रकाश मांसातून फार खोलवरून बाहेर येत नाही. तिथं इंडोसायनिन ग्रीन हा दुसरा रंग कामाला येतो. त्याचा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, खास कॅमेऱ्याला दिसतो. स्तनाच्या कर्करोगात आजार आधी कोणत्या लसिकाग्रंथीत (लिम्फ नोडमध्ये) पोचला असेल, हे शोधायला सर्जन तो वापरतात.

त्याही पुढचं पाऊल म्हणजे रोगट पेशीलाच चिकटणारा रंग. अंडाशयाच्या कर्करोगाच्या बऱ्याच पेशींवर फोलेट हे ब जीवनसत्त्व पकडणारी प्रथिनं भरपूर असतात. म्हणून रंगाला फोलेटसारखा रेणू जोडला. पॅफोलॅसियानिन हे ते औषध. २०२१ मध्ये अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली. ऑपरेशन चालू असताना हाताला न लागलेली गाठसुद्धा त्यामुळे सापडू शकते.