भलं करायला निघालेले

नमस्कार. ॲनिमे बघणाऱ्या मुलामुलींशी गप्पा मारताना एक वाक्य हमखास कानावर येतं: "तसा तो चुकीचा नव्हताच ना!" हे वाक्य नायकाबद्दल नसतं. ते असतं 'डेथ नोट'मधल्या लाइट यागामीबद्दल, 'नारुतो'मधल्या नागातोबद्दल, 'जुजुत्सु कायसेन'मधल्या सुगुरू गेतोबद्दल. यांच्या हातून शेकडो, हजारो माणसं मेली; 'ॲटॅक ऑन टायटन'मधल्या एरेनच्या हातून तर जगातली बहुतेक सगळी. घरातल्या मोठ्यांना हे वाक्य ऐकून धास्ती वाटते. मला वाटत नाही. मुलं खुनाची बाजू घेत नसतात. हा माणूस चांगला होता, मग बिनसलं कुठे, हे त्यांना मनापासून समजून घ्यायचं असतं. आज त्या 'कुठे'बद्दल बोलू. शेवट सांगितल्याशिवाय हा विषय मांडता येणार नाही, तेव्हा यातलं काही ज्यांनी बघायचं राखून ठेवलं असेल त्यांनी आधीच सावध व्हावं.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकते. अशा पात्रांबद्दल बोलताना आपण त्यांच्या विचारसरणीवर तुटून पडतो. याचं तत्त्वज्ञान चुकलं, त्याचा न्यायाचा हिशेब चुकला, वगैरे. पण नीट पाहिलं तर तत्त्वज्ञान फार उशिरा येतं. आधी येतो थकवा, मग एकटेपण, मग मनातलं कुणालाही न सांगणं. तोवर माणूस अर्ध्याहून अधिक घसरलेला असतो. मग त्या घसरणीला टेकू द्यायला एक विचार सापडतो, आणि आपण त्या टेकूलाच कारण समजतो.

सगळ्यात जास्त वेळ मी गेतोवर घालवणार आहे, कारण हे इतक्या बारकाईने दाखवलेलं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. गेगे अकुतामी यांची 'जुजुत्सु कायसेन' ही मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, 2018 ते 2024 या काळात 'शोनेन जंप'मध्ये आली. ॲनिमेचा दुसरा सीझन 2023 च्या जुलैत सुरू झाला आणि त्याचे पहिले पाच एपिसोड गेतोच्या पडझडीचे आहेत. या जगात सामान्य माणसांच्या राग, भीती, मत्सर अशा भावनांतून शाप जन्माला येतात आणि ते माणसांनाच मारतात. मांत्रिक त्यांच्याशी लढतात. गेतो आणि सातोरू गोजो हे तोक्योच्या मांत्रिक शाळेतले दोन विद्यार्थी, एकमेकांचे जिवलग.

सुरुवातीला या दोघांत सज्जन कोण, असं विचारलं तर उत्तर गेतो असंच येईल. बास्केटबॉल खेळता खेळता त्यांचा वाद होतो. गेतोचं म्हणणं, आपली विद्या दुबळ्यांचं रक्षण करण्यासाठीच आहे. गोजोला असली तात्त्विक बडबड नकोशी वाटते. पुढे रिको आमानाई या शाळकरी मुलीला सांभाळायची जबाबदारी दोघांवर येते. एका विधीत तिला स्वतःचं अस्तित्व अर्पण करायचं आहे. अगदी शेवटच्या क्षणी गेतो तिला सांगतो, तुला नको असेल तर आपण परत जाऊ. ती रडत रडत म्हणते, मला अजून सगळ्यांबरोबर राहायचंय. तो हात पुढे करतो, आणि त्याच क्षणी गोळी तिच्या डोक्यात लागते.

यानंतरचा प्रसंग मी कितीही वेळा पाहिला तरी अंगावर येतो. ज्या पंथाने तिच्या मरणाचा सौदा केला, त्याच्या सभागृहात गोजो तिचं प्रेत हातावर घेऊन उभा आहे. भोवती साधी माणसं, घरी असतात तशी हसऱ्या चेहऱ्यांची, टाळ्या वाजवताहेत. गोजो थंडपणे विचारतो, मारू का यांना? गेतो म्हणतो, नको, त्याला काही अर्थ नाही. गोजो विचारतो, अर्थ असायलाच हवा का? आणि गेतो सांगतो की हवा, मांत्रिकाला तर हवाच. त्या दिवशी त्या माणसांचा जीव गेतोने वाचवला. पुढे खलनायक झाला तो हा गेतो, गोजो नाही.

का? इथे लेखकाने एक लहानशी, किळसवाणी गोष्ट पेरली आहे. गेतोची विद्या अशी की लढून हरवलेल्या शापाचा गोळा करून तो गिळायचा, मग तो शाप त्याच्या ताब्यात येतो. त्या गोळ्याची चव कशी असते हे फक्त त्यालाच ठाऊक. ओकारी पुसलेल्या फडक्यासारखी, असं तो मनाशी म्हणतो. शाप मारा, गिळा, मारा, गिळा. कुणासाठी? टाळ्या वाजवणाऱ्या त्या माणसांसाठी. शॉवरखाली उभा असतानाही पाण्याच्या आवाजात त्याला टाळ्या ऐकू येतात. आणि ही चव तो कुणालाही, गोजोलासुद्धा सांगत नाही.

मधल्या काळात गोजो अफाट ताकदवान झालेला असतो. तो मोहिमांवर एकटा जाऊ लागतो, त्यामुळे गेतोही एकटाच. एकदा गोजो विचारतो, तू बारीक झालास का रे, बरा आहेस ना? गेतो म्हणतो, उन्हाळ्यानं जरा गळून गेलोय, ठीक आहे मी. सोमेन जास्त झाल्या का, असं काहीतरी गोजो म्हणतो, आणि विषय संपतो. सोमेन म्हणजे जपानी घरांत उन्हाळ्यात गार करून खातात त्या बारीक शेवया. इतकं साधं, घरगुती बोलणं. माझ्या मते सगळी शोकांतिका या दोन वाक्यांत आहे. विचारणाऱ्याने विचारलं होतं. सांगणाऱ्याने सांगितलं नाही.

विचार येतो तो यानंतर. युकी त्सुकुमो ही वरिष्ठ मांत्रिक सहज बोलता बोलता सांगते की शाप निर्माण होतात ते विद्या नसलेल्या माणसांतून. गेतोच्या तोंडून निघून जातं, मग त्या सगळ्यांना मारून टाकलं तर? ती दचकत नाही. हाही एक मार्ग आहे, म्हणते, पण मी तेवढी वेडी नाही. तिचं पुढचं बोलणं महत्त्वाचं आहे: सामान्य माणसांचा तिरस्कार करणारा तू आणि तो तिरस्कार नाकारणारा तू, या दोन्ही अजून शक्यताच आहेत; खरा कुठला, ते तू ठरवशील. थोड्याच दिवसांत त्याचा हसरा, उत्साही ज्युनिअर हाइबारा एका मोहिमेत मरतो. मग एका खेड्यात दोन लहान बहिणी, नानाको आणि मिमिको, गावकऱ्यांनी मारहाण करून पिंजऱ्यात डांबलेल्या त्याला दिसतात. त्या रात्री गावातली 112 माणसं मरतात. पुढे तो स्वतःच्या आईवडिलांनाही मारतो. तत्त्वाला अपवाद नको म्हणून.

गेतो बरोबर होता असं म्हणणाऱ्यांना मला इथे थांबवायचं आहे. पिंजरा उघडणं बरोबरच होतं. त्या मुलींना त्याने पुढे पोटच्या पोरींसारखं वाढवलं, तेही खोटं नाही. पण पिंजरा उघडायला 112 माणसं मारावी लागत नाहीत. आणि आईवडिलांचा पिंजऱ्याशी काही संबंध नव्हता. तोवर जग मांत्रिक आणि सामान्य अशा दोनच डब्यांत भरलं गेलं होतं, आणि ते चुकीच्या डब्यात पडले. मरताना तो गोजोला सांगतो की शाळेतल्या कुणाचाही त्याला राग नव्हता. या जगात त्याला मनापासून हसता येत नव्हतं, एवढंच. हे ऐकल्यावर मला त्याच्या महान ध्येयात रस उरत नाही. ते ध्येय म्हणजे दहा वर्षांपूर्वी "ठीक आहे मी" असं म्हणून दाबून टाकलेलं दुखणं आहे.

आता लाइट यागामी. 'डेथ नोट'ची मांगा 2003 ते 2006 मधली, त्सुगुमी ओबा यांचं लेखन आणि ताकेशी ओबाता यांची चित्रं. 37 भागांचा ॲनिमे 2006-07 चा. हुशार मुलगा, वडील पोलिसांत वरिष्ठ अधिकारी. ज्या वहीत नाव लिहिलं की माणूस मरतो ती वही त्याला सापडते. तो गुन्हेगारांना मारू लागतो, आणि लोक या अज्ञात मारेकऱ्याला 'किरा' म्हणू लागतात. सुरुवातीच्या दिवसांत त्याची झोप उडते, वजन उतरतं. गेतोसारखंच, आधी शरीर बोलतं. पण लाइटजवळ कोण आहे? र्‍यूक नावाचा मृत्युदेव. मी तुझ्या बाजूचाही नाही आणि विरुद्धही नाही, असं तो सुरुवातीलाच सांगून मोकळा होतो. सफरचंदं खातो आणि गंमत बघतो. इतक्या भयंकर गुपिताला कान मिळाला, पण "अरे, हे नको करूस" म्हणणारं तोंड त्या कानाला नव्हतं.

आपण दुष्टांनाच मारतो हा त्याचा दावा दुसऱ्याच एपिसोडमध्ये फुटतो. टीव्हीवर एक माणूस स्वतःला डिटेक्टिव्ह एल म्हणवून घेतो आणि म्हणतो, किरा, तू करतोस ते पाप आहे. लाइट तिथल्या तिथे त्याचं नाव लिहितो. त्या माणसाचा गुन्हा लाइटला माहीतच नाही. (तो प्रत्यक्षात फाशीची शिक्षा झालेला कैदी निघतो, पण हे नंतर कळतं.) त्याला मारलं ते त्याने लाइटला वाईट म्हटलं म्हणून. पुढची सगळी मालिका या एका फटकाऱ्याचा विस्तार आहे.

आणि तरीही मालिकेच्या मध्यावर लेखकाने फार विलक्षण काहीतरी केलं आहे. वहीवरचा हक्क सोडल्यामुळे लाइटची त्याबद्दलची सगळी आठवण पुसली जाते. उरतो तो सतरा-अठरा वर्षांचा मूळ मुलगा. त्याच्यावर जीव टाकणाऱ्या मिसाशी प्रेमाचं नाटक करून माहिती काढ, असं किराच्या मागावर असलेला खरा एल सुचवतो. हा लाइट साफ नकार देतो. कुणाच्या भावनांशी असं खेळणं त्याला सहन होत नाही. हाच मुलगा वही हातात असताना मिसाला सर्रास वापरत होता, आणि आठवण परत येताच पुन्हा वापरू लागतो. म्हणजे चांगुलपणा कुठे गेला नव्हता, आतच होता. वडील सोइचिरो मरतात ते आपला मुलगा किरा नाही याचा पुरावा डोळ्यांनी पाहिल्याच्या समाधानात, आणि तो पुरावाही वहीच्या नियमांतली एक पळवाट असते. मला 'डेथ नोट'मधला सगळ्यात निर्दय क्षण तो वाटतो.

'मादोका मागिका'बद्दल थोडक्यात बोलते, कारण ती बारा भागांची मालिका दोन दिवसांत बघून होते आणि तुम्ही ती बघावीच. सायाका मिकी आपल्या आवडत्या मुलाचा निकामी झालेला हात बरा व्हावा, त्याला पुन्हा व्हायोलिन वाजवता यावं, म्हणून आपला आत्मा गहाण टाकते आणि त्या बदल्यात चेटकिणींशी लढणारी जादुई मुलगी होते. मामी ही तिची वडीलधारी मैत्रीण तिला आधीच विचारते: तुला त्याचं स्वप्न पुरं व्हायला हवंय, की त्याच्यावर उपकार करणारी तू व्हायला हवीयस? इतका नेमका प्रश्न या प्रकारच्या कथांत क्वचितच कुणी वेळेवर विचारतं. पण मामी मरते आणि प्रश्न तसाच राहतो. पुढे तिची मैत्रीण मादोका मदतीला आली की सायाका तिच्यावरच ओरडते. क्योको ही दुसरी जादुई मुलगी सफरचंद पुढे करते, तर ते चोरीच्या पैशाचं म्हणून नाकारते. शुद्ध राहण्याच्या हट्टात पुढे आलेला प्रत्येक हात झिडकारते, आणि ज्या चेटकिणींशी लढायला निघाली होती त्यांच्यातलीच एक होते.

एरेनबद्दल माझं मन अजून पूर्ण ठरलेलं नाही. हाजिमे इसायामा यांनी ती कथा 2009 ते 2021 अशी सलग लिहिली. एरेन लहानपणी भिंतीबाहेरच्या मोकळ्या जगाची स्वप्नं बघतो. बाहेरही माणसंच आहेत हे कळल्यावर आपली निराशा झाली, असं तो कबूल करतो. ही कबुली मला फार धीट वाटते. पण मनात राहतो तो रमझी. शत्रूच्या देशात हा निर्वासितांचा पोरगा चोरी करताना पकडला जातो आणि मार खात असतो. एरेन आधी पुढे निघून जातो. आपण पुढे जे करणार आहोत, त्यापुढे याला वाचवणं म्हणजे ढोंगच, हे तो जाणून असतो. तरीही वळतो, त्याला सोडवतो, आणि त्याच्यासमोर गुडघे टेकून रडत माफी मागतो. रमझीला त्याची भाषा कळत नाही. जगात एकाच माणसासमोर एरेन पूर्ण खरं बोलला, आणि तो ऐकणारा असा. मिकासा आणि आर्मिन या बालमित्रांना मात्र तो समोर बसवून जिव्हारी लागेल असं बोलला, ते दूर जावेत म्हणून.

शेवटी नागातो, कारण या सगळ्यांत ज्याच्यापर्यंत कुणीतरी पोचलं असा तो एकटा. पावसाचं गाव हा मोठ्या देशांच्या मधला चिमुकला प्रदेश. मोठ्यांची युद्धं त्याच्या जमिनीवर लढली जातात. नागातोचे आईवडील घरात शिरलेल्या कोनोहाच्या, म्हणजे नारुतोच्या गावाच्या, सैनिकांच्या हातून गैरसमजात मरतात. पुढे तो, याहिको आणि कोनान शांततेसाठी संघटना उभारतात. पावसाच्या गावाचा सत्ताधीश हान्झो कोनानला ओलीस धरतो आणि नागातोला सांगतो, याहिकोला मार. याहिको स्वतः धावत येऊन नागातोच्या हातातल्या कुनाईवर (सुरीवर) झोकून देतो. याच मृत मित्राचं शरीर पुढे नागातो 'पेन' म्हणून चालवतो, आणि त्या शरीराच्या हातून कोनोहा जमीनदोस्त करतो.

नारुतो त्याला शोधत एकटा जातो. बरोबर कुणी नको, असं मुद्दाम सांगून. कागदाच्या झाडात एक खंगलेला माणूस सापडतो. नारुतो म्हणतो, तुला मारावंसं वाटतं, हात थरथरतोय, पण आधी तुझी गोष्ट सांग. आणि नागातो पहिल्यापासून सगळं सांगतो. नारुतो क्षमा करत नाही. तुझं खरं होतं, असंही म्हणत नाही. दोघांचाही गुरू असलेल्या जिरायाने लिहिलेलं पुस्तक मध्ये येतं, ज्याच्या नायकाचं नाव नारुतोला मिळालं, आणि ज्याची प्रेरणा लहानपणीचा नागातोच होता.

यानंतर नागातो स्वतःचा जीव देऊन कोनोहातल्या मेलेल्यांना परत आणतो. यावर अनेकांचा आक्षेप आहे की लेखकाने फारच स्वस्तात सोडवलं, आणि तो मला पटतो. मेलेली माणसं उठून बसली की आधीच्या दुःखाचं वजन कमी होतंच. पण तो भाग बाजूला ठेवून फक्त झाडातलं बोलणं पुन्हा बघा. नारुतोकडे नागातोच्या प्रश्नाचं उत्तर नाही. शांतता कशी आणणार, हे त्याला तेव्हा सांगता येत नाही, आणि तो सांगण्याचा आवही आणत नाही. तो नागातोला पूर्ण बोलू देतो, मग "मी तुला माफ करू शकत नाही" हे तोंडावर सांगतो, आणि तरीही तिथून उठून जात नाही. गेतोला, लाइटला, सायाकाला हे मिळालं नाही. काहींना मिळत होतं तेव्हा त्यांनी ते घेतलं नाही. मला वाटतं 'नारुतो'चे लेखक किशिमोतो यांनी त्या 700 प्रकरणांत लिहिलेला सगळ्यात कठीण प्रसंग तो आहे, आणि त्यात एकही लढाई नाही. यावर तुमच्यातल्या बऱ्याच जणांचं मत वेगळं असणार, तेव्हा आता तुम्ही बोला.